दुसरा घोट

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोला सांगितलं — पण अर्धंच. उरलेलं अर्धं गिळलं, आणि तिनं माझी समजूत घातली तेव्हा ती समजूतही गुपचूप घालून घेतली. तुम्हाला मात्र सगळं सांगतो.

मी भूजल खात्यात होतो. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, निम्म्या कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत, आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. रेणापूर, अहमदपूर — आम्ही बोअर पाडत हिंडायचो. दोनशे फूट गेलं तरी नुसता फुफाटा. त्याआधी खात्यानं मला तीन महिने विलायतेला शिकायला धाडलं होतं, म्हणून मी 'विलायतवाले साहेब'. लोक विचारायचे, तिकडची व्हिस्की कशी असते हो? आणि मी सुरू व्हायचो — लाकडी पिंपात किती वर्षं ठेवतात, सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीतली कशी, थेंबभर पाणी का घालायचं. खरं सांगू? तिकडं मी एक घोटही घेतला नव्हता. खोलीवर भात शिजवायचो आणि लवकर झोपायचो. हे सगळं ज्ञान माझ्या म्हाताऱ्या घरमालकाच्या गप्पांतलं. साधी थाप होती. थापेनं कुणाचं काय जातं?

युसूफभाईंचं गेलं.

युसूफभाई आमच्या विश्रामगृहाचे खानसामा. चौदा वर्षं रोजंदारीवर. आता कायम होणार होते, कागद वर गेला होता. मागच्या खोलीत बायको आणि दोन मुलींसह राहायचे. मी पहिले सहा महिने तिथंच मुक्कामाला होतो. मला कावीळ झाली तेव्हा त्या माणसानं महिनाभर माझं बिनतेलाचं वेगळं रांधलं, समोर बसून खाऊ घातलं. हे आधी सांगतोय, कारण नंतर सांगायला जीभ वळणार नाही.

आमच्या मोठ्या साहेबांना मेहुण्यानं परदेशातून सिंगल माल्टची बाटली आणून दिली होती. साहेबांनी ती विश्रामगृहातच उघडली, पण तेवढ्यात मंत्र्यांच्या दौऱ्याचा निरोप आला, म्हणून बाटली युसूफभाईंकडं कपाटात ठेवायला दिली. पुढच्या रविवारी दुपारी आम्ही पाचसहा जण जमलो. साहेबांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय, फिनेल आहे का? तुम्ही बघा हो. तुम्ही जाणकार."

मी ग्लास उजेडात धरला. गोल फिरवला. डोळे मिटून वास घेतला — नाटक सगळं. वास मात्र खरा होता: ओलं लाकूड धुमसावं तसा, डांबरासारखा, जखमेवर लावायच्या औषधासारखा. जिभेवर राख. मी घाबरलो. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. 'मला कळत नाही' — एवढं म्हणायला काय लागत होतं?

"भेसळ आहे," मी म्हणालो.

बायकोला सांगितलं ते इथवर. ती म्हणाली, चूक होते माणसाकडून. हो, होते. पण मग पुढचं?

युसूफभाईंना बोलावलं. ते दारात उभे राहिले, खांद्यावरचा रुमाल हातात घेऊन.

"साहेब, म्या वास बी घेतला न्हाई. आमच्यात हराम हाय ते." मग माझ्याकडं वळले. "तुमाला लई कळतंय त्यातलं. अजून एक डाव चाखून बघा की."

माझ्यावर भरवसा ठेवून म्हणाले ते.

मी दुसरा घोट घेतला. या वेळी थोडं पाणी घालून, खरोखर लक्ष देऊन. धूर होताच, पण त्याच्याखालून काहीतरी गोड वर आलं — भाजलेल्या धान्यासारखं, मधासारखं, आणि शेवटी किंचित खारट. आणि मला तो म्हातारा घरमालक आठवला. तिकडच्या एका बेटावर दलदलीची माती ढेकळं करून वाळवतात, चुलीत जाळतात, त्या धुरावर व्हिस्कीचे जव सुकवतात. नवख्याला दवाखान्याचा वास येतो, असं सांगून हसला होता तो.

बाटली अस्सल होती. मला कळलं होतं. अंदाज नव्हे, शंका नव्हे — कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एक व्हिस्की खरी पारखली होती.

पण तसं म्हटलं असतं तर? माझी पहिली पारख खोटी, साहेबांचं फिनेल हास्यास्पद. मी ग्लास खाली ठेवला.

"भेसळच आहे. कुणीतरी काढून घेऊन दुसरं काहीतरी ओतलंय."

हे दुसरं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. का बोललो? आजही सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी मागची खोली रिकामी झाली. वर गेलेला कागद परत आला. विश्रामगृहाच्या आवारात बोअर होती, मीच दाखवलेल्या जागेवर लागलेली. त्या उन्हाळ्यात युसूफभाईंच्या मुली गल्लीत टँकरमागं घागरी घेऊन पळताना मला दिसल्या. मी जीप थांबवली नाही.

वर्षभरानं अहमदपूरला गेलो. एसटी स्टँडसमोर चहाचा गाडा, गाड्यामागं युसूफभाई. मला टाळता आलं नाही. त्यांनी फळकूट पुसून बसायला दिलं, चहा दिला, काविळीचं विचारलं — "पथ्य पाळून ऱ्हायलात ना?" मग जरा वेळानं आवाज खाली आणून म्हणाले,

"साहेब, म्या लई इचार केला. तुमी खोटं कशाला बोलाल? माझंच चुकलं असंल. झाकण ढिलं ऱ्हायलं असंल, हवेनं बिघडली असंल. तसं व्हतंय का?"

ते उत्तराची वाट बघत होते. गाड्यावर दुसरं कुणी नव्हतं.

"होतं तसं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. चेहरा थोडा मोकळा झाला — कोडं सुटल्यासारखा. मी चहा संपवला आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

पुढं नोकरीत कितीदा अहमदपूरला गेलो, पण स्टँडच्या रस्त्यानं नाही. ते वारल्याचं बऱ्याच वर्षांनी कळलं. आपल्याच हातून झाकण ढिलं राहिलं, असं समजूनच ते गेले असतील. ते तसं समजतात हे मला ठाऊक होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं.