एकशे चाळीस जणांचं मत

अमेरिकेच्या बातम्या लागल्या की माझ्या अंगाची लाही होते, आणि तरी मी त्या बघते. इथे आखातात, अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्ही स्वयंपाकघरातून नीट दिसतो. इकडे मी कणीक मळत असते आणि तिकडे सुटाबुटातली माणसं एकमेकांवर ओरडत असतात. मग मीही ओरडते. नवरा म्हणतो, "अगं, तुला तिकडं मत आहे का?" नाही. तिकडं नाही, इथे परक्या माणसाला नसतंच, आणि मिरजेत आहे ते वीस वर्षांत एकदाही दिलेलं नाही. मतदानाची शाई बोटाला कशी लागते हेही विसरले आहे. मतं मात्र भरपूर आहेत, आणि ती कुणी विचारायची वाट मी बघत नाही.

तिथले दोन्ही पक्ष मला नकोसे झालेत. एकाचं बोलणं इतकं गोड, की साखरेच्या पाकात बुडवल्यासारखं वाटतं. हातून काही होत नाही, फक्त शब्द दरवर्षी नवे येतात. दुसऱ्यानं तर निर्दयपणालाच खरेपणा म्हणायला सुरुवात केलीय. बाहेरून पोटासाठी आलेल्या माणसांना हाकलून द्या असं मंचावरून म्हटलं की समोरचे टाळ्या वाजवतात, हे बघून मला शिसारी येते. मीही बाहेरून पोटासाठी आलेलीच आहे. माझ्या नावानं कुठे अशा टाळ्या वाजत असतील, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. आणि निवडणूक हरली की मतं खोटी, जिंकली की तीच मतं पवित्र, हा निर्लज्जपणा तर मला अजिबात सोसत नाही.

माझी नोकरीही एका अमेरिकन कंपनीतच आहे. रास अल खोरला तिचं गोदाम आहे, तिथल्या ऑफिसात मी अ‍ॅडमिन बघते. कंपनी व्हिटॅमिन विकते. लहान मुलांसाठी जेलीच्या गोळ्या, अस्वलाच्या आकाराच्या, आणि मोठ्यांसाठी झोपेच्या, केसांच्या, आनंदी राहण्याच्या. भिंतीवर पोस्टर आहे, 'आमची माणसं हेच आमचं आरोग्य.' या वाक्याला काय अर्थ आहे हे मी बरीच वर्षं शोधते आहे.

तिकडे सरकार बदललं आणि काही आठवड्यांतच आम्हाला मेल आला. सगळ्या प्रेझेंटेशनमधून काही शब्द काढून टाका. आपलेपणा, विविधता, समान संधी, अशी यादीच होती सोबत. आदल्याच वर्षी याच लोकांनी आम्हाला त्याच शब्दांवर तासाभराचं ट्रेनिंग सक्तीनं करायला लावलं होतं, शेवटी सर्टिफिकेटसुद्धा दिलं होतं. तिथे दरवर्षी जून महिन्यात समलिंगी लोकांना पाठिंबा म्हणून लोगो रंगीबेरंगी व्हायचा, इथे आखातात तो कधीच झाला नाही, म्हणजे त्यांची तत्त्वं विमानात बसतच नसत. आता ती तिथल्या तिथेही मेली. मी यादी समोर ठेवून एकेक शब्द काढत बसले होते आणि मनातल्या मनात शिव्या देत होते. यांना कशाचीच चाड नाही, असं मी त्या दिवशी घरी येऊन तीनदा म्हणाले. मला फार बरं वाटत होतं. दुसऱ्याची किळस करताना माणसाला स्वतः आंघोळ केल्यासारखं वाटतं.

आता माझ्याकडे येते.

दरवर्षी अमेरिकेहून एक सर्व्हे येतो. गोदामातल्या प्रत्येक माणसानं तो भरायचा असतो. चाळीस प्रश्न, सगळे इंग्रजीत, आणि प्रत्येकाखाली पाच गोल, 'अजिबात सहमत नाही' पासून 'पूर्ण सहमत' पर्यंत. मला कामावर सुरक्षित वाटतं का, माझं म्हणणं ऐकलं जातं का, विश्रांतीची सोय पुरेशी आहे का. वर लिहिलेलं असतं की तुमची उत्तरं पूर्णपणे गोपनीय राहतील. आमच्याकडे माल चढवणारे, उतरवणारे, फोर्कलिफ्ट चालवणारे असे एकशे चाळीस जण. कोकणातले, बिहारचे, नेपाळचे, पेशावरचे. चाळीस प्रश्नांचं इंग्रजी वाचू शकतील असे त्यांत सहा.

पहिल्या वर्षी मी खरंच एकेकाला बोलावून विचारायला लागले. प्रश्न समजावून सांगायचा, माणूस विचार करणार, मग घरची काहीतरी गोष्ट सांगणार, मग उत्तर. दिवसभरात अकरा झाले. संध्याकाळी मॅनेजरसाहेब आले. ते दिल्लीकडचे, मनानं वाईट नाहीत, पण तारखेला फार घाबरतात. म्हणाले, "मॅडम, एक-एक को क्या पूछना है? सबका सेम ही है. कल तक खलास करो, यल्ला, जल्दी."

मी खलास केलं. यादीतून एम्प्लॉयी नंबर टाकायचा आणि शेवटच्या गोलावर टिचक्या मारत जायचं. पूर्ण सहमत, पूर्ण सहमत, पूर्ण सहमत. हात बसला की एका माणसाला दीड मिनिट लागतं. मधूनमधून एखादं 'सहमत' टाकायचं, म्हणजे खरं वाटतं. ही अक्कल मला कुणी शिकवली नव्हती. त्या वर्षी आमचं गोदाम साऱ्या विभागात पहिलं आलं. अमेरिकेहून अभिनंदनाचा मेल आला, केक कापला गेला, मॅनेजरसाहेबांनी माझा फोटो काढला. पुढे दरवर्षी सर्व्हे आला की तो माझ्याच टेबलावर यायचा, आणि मी डब्यातली पोळीभाजी खाता खाता तो भरायची. यात काही चुकतंय असं मला खरंच वाटलं नव्हतं. बाकी जगाचं काय चुकतंय ते मला रोज संध्याकाळी दिसत होतं.

गोदामात मामा म्हणून एक फोर्कलिफ्टवाले होते. चिपळूणच्या बाजूचे, पंचावन्न-छप्पनचे, सगळे त्यांना मामाच म्हणत. बोलायला कमी, गाडी हाकायला पक्के. आमच्यात काही ओळखपाळख नव्हती, पण सकाळी ते ऑफिसच्या काचेवर बोटानं टकटक करून "काय ताई" म्हणत आणि मी मान हलवायची. धाकटी मुलगी नर्सिंगला होती. तिची दोन वर्षं राहिली होती आणि तेवढी दोन वर्षं त्यांना इथे काढायची होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

माल ठेवायची जागा थंडगार असते, ती ठेवावीच लागते. माणसं ज्या शेडमध्ये ट्रक भरतात तिथे मात्र पंखे. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला इथे सरकारी बंदी आहे, पण आमच्या डोक्यावर पत्रा आहे, म्हणजे आम्ही उघड्यावर नाही. त्याची भरपाई म्हणून शेडला लागून एक एसीची खोली होती. बाकडी, पाण्याचा कूलर, तासातून दहा मिनिटं तिथे बसायचं. गेल्या जुलैत माल जास्त आला. जेलीची अस्वलं उष्णतेनं एकमेकांना चिकटतात. मग बाकडी बाहेर काढली आणि त्या खोलीत खोके रचले. कूलर शेडच्या कोपऱ्यात गेला. चार दिवसांची सोय म्हणून केलं आणि पाच आठवडे तसंच राहिलं. अस्वलं एसीत आणि माणसं पत्र्याखाली. मी रोज दोनदा तिथून जात होते.

पाचव्या आठवड्यात मामा गाडीवरच कोसळले. गाडी उभी होती म्हणून वाचले. दवाखान्यात सलाईन लागलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं, आणि चौथ्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. भिंतीवरच्या दुसऱ्या पोस्टरकडे बोट करून म्हणाले, "ताई, तिथं लिवलंय ना, काय चुकत असेल तर बोला म्हणून? मला बोलायचंय. माझं जाऊ दे, पण ती खोली खाली करायला सांगा. उद्या कोण मरेल."

मी लिहून दिलं. त्या कामाचा मला अभिमानच वाटत होता. तक्रारींसाठी अमेरिकेत वेगळा विभाग आहे, 'निर्भयपणे बोला' असं त्याचं नाव. मी सुंदर इंग्रजीत, तारखा घालून, मामांच्या एम्प्लॉयी नंबरासकट सगळं लिहिलं. त्यांनी इंग्रजी वाचता येत नसताना दोनदा वरून खाली पाहिलं आणि सही केली.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. खोली रिकामी करायच्या सूचना दिल्या आहेत, हे एका ओळीत. पुढच्या दोन परिच्छेदांत असं, की तक्रारदारानं तक्रारीच्या दोनच आठवडे आधी सर्व्हेत 'विश्रांतीची सोय पुरेशी आहे' आणि 'मला कामावर सुरक्षित वाटतं' या दोन्हींना 'पूर्ण सहमत' असं उत्तर दिलेलं आहे. तेव्हा ही तक्रार त्याच्या स्वतःच्याच म्हणण्याशी विसंगत आहे, हेतूबद्दल शंका घ्यायला जागा आहे, आणि तशी नोंद त्याच्या फाइलला करण्यात येत आहे.

गोपनीय उत्तरं त्यांनी नंबरावरून शोधून काढली होती, यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बदमाश, ढोंगी, हलकट, जे सुचलं ते मी बोलले. मग आग उतरली आणि मी ती ओळ पुन्हा वाचली. पूर्ण सहमत. ते मामांनी लिहिलेलं नव्हतं. बहुतेक त्या वेळी मी भेंडीची भाजी खात होते.

घरी जेवताना मी सांगितलं, पण सांगताना कंपनीच्याच नावानं सुरू झाले. मुलगी बारावीला आहे, इथेच वाढलेली. ऐकून घेतलं आणि ताटातून मान वर करून म्हणाली, "बट आई, यू व्होटेड फॉर हंड्रेड अँड फोर्टी पीपल. यू शाउट अ‍ॅट द टीव्ही एव्हरी डे अबाउट दिस." टीव्ही चालूच होता. नवरा उठला आणि त्यानं तो बंद केला. मी तिला म्हणाले, तुला काय कळतंय, आणि माझ्याच आवाजाची मला शिसारी आली.

तीन दिवस मी हिशेब करत राहिले. कबूल केलं तर नोकरी जाईल. घराचं भाडं नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भागत नाही, मुलीचं बारावीचं वर्ष. मग चौथ्या दिवशी लिहिलं एकदाचं. ही उत्तरं मामांची नाहीत, मी भरली आहेत, पहिल्या वर्षीचे अकरा जण सोडले तर एकशे चाळीसच्या एकशे चाळीस, गेली सहा वर्षं. मेल पाठवून मी टेबलाचा खण आवरून ठेवला. माझी चप्पल, टिकल्यांचं पाकीट, सगळं पिशवीत भरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. एक हसतमुख बाई, मागे झाड, हातात कॉफी. मी काही कबूल केलेलंच नाही असं वाटावं इतक्या मऊपणे तिनं आधी माझे आभार मानले. असं प्रामाणिकपणे पुढे येणं म्हणजेच कंपनीची संस्कृती, म्हणाली. मी विचारलं, "मग मामांची फाइल?" ती म्हणाली, ते प्रकरण बंद झालेलं आहे. सर्व्हेचे निकाल वरपर्यंत गेलेले आहेत, आता ते मागे घेतले तर सगळ्या विभागाच्या आकड्यांवर प्रश्न येईल. तेव्हा याला आपण एक शिकवण समजू या. मी विचारलं, "आणि मला?" तिला प्रश्नच कळला नाही. "तुम्हाला काय? यू आर अ व्हॅल्यूड कलीग." आणि हसून हात हलवला.

मला शिक्षा झाली नाही. साधी ताकीद नाही. माझं खोटं त्यांना माझ्याइतकंच हवं होतं, आणि मी खरं बोलले तरी ते मोडायची कुणाला गरज नव्हती. पिशवीतली चप्पल मी पुन्हा खणात ठेवली. तेव्हा स्वतःची आली इतकी किळस मला त्या सुटाबुटातल्या माणसांची कधी आली नव्हती.

सप्टेंबरात मामांचा करार संपला आणि तो पुढे वाढवला नाही. कारण दिलं, पुनर्रचना. व्हिसा रद्द करायचे कागद माझ्याकडूनच जातात. ते आले, खुर्चीवर बसले नाहीत. मी कागद पुढे केले आणि मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. सर्व्हे, गोल, डबा खाता खाता भरलेली उत्तरं, अमेरिकेहून आलेला तो परिच्छेद. म्हटलं, मामा, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. मला वाटलं होतं ते चिडतील. चिडावं असंच मला वाटत होतं.

त्यांनी सगळ्या कागदांवर सह्या केल्या, पेनाला टोपण लावलं.

"मला ठाऊक होतं, ताई," ते म्हणाले. "पोरं बोलायची, ही बाई आपल्याला न इचारता आपलं भरते. मीच त्यांना गप करायचो. बोललो, ती रोज दोनदा हितनं जाते. तिला दिसतंय सगळं. दिसतंय तेच भरत असेल, इचारायला कशाला पायजे?"