कानामागचा केस

केसवाली घराच्या पुढच्या खोलीत दुकान चालवायची. एक खुर्ची, एक आरसा, कोपऱ्यात बेसिन आणि केस सरळ करायच्या औषधाचा सडक्या अंड्यासारखा वास. सासूचं म्हणणं, हा वास हिच्या कपड्यांनाच नाही, बोलण्यालाही येतो. सासूची जीभ असताना दुकानात दुसरी कात्री घ्यायची गरजच नव्हती. आणि दुकानाला कुलूप घालायला ती निमित्तच शोधत होती.

केसवाली जन्माची भित्री. म्हणूनच हात चांगला. कुणाचे कुरळे केस सरळ करायचे झाले की आधी कानामागचा एक केस उपटायची, ओला करून दोन बोटांत ताणायची. सोडल्यावर आखडला तर केस धड. लोंबकळला तर गिऱ्हाईक परत. कुणी रागावलं तर समजावायची, केस म्हणजे विणलेली खाट आहे बाई. प्रथिनांच्या लांबच लांब साखळ्या म्हणजे दांड्या, आणि त्यांना आवळून धरणारे बंध ही वीण. काही बंध कच्चे, पाण्यानं सुटतात, वाळले की पुन्हा बसतात. पक्के ते गंधकाचे. एका साखळीतल्या गंधकानं दुसरीतल्या गंधकाचा हात धरलेला. पहिलं औषध तो हात सोडवतं, दुसरं पुन्हा जुळवतं. पण जुळवताना थोडे हात सुटलेलेच राहतात. त्याच खाटेची वीण लगेच परत उसवली तर बसणारा जमिनीवर.

नणंदेचं लग्न परवावर आलं तेव्हा सासूनंच तिला खुर्चीत आणून बसवलं आणि आपण मागं स्टुलावर बसली. केसवालीचा हात सवयीनं कानामागं गेला.

“घरच्या पोरीची पण पारख करतेस?”

हात मागं आला. आधी कुठं काही केलं होतं का, एवढंच तिनं विचारलं. नणंदेनं आरशाकडं न बघता नाही म्हणून मान हलवली.

औषध लावून झालं. थोड्या वेळानं केसवालीनं कंगव्याच्या शेपटीनं एक बट उचलली. बट लांबली. मळलेल्या पिठासारखी लांबतच गेली, आणि सोडली तर तशीच लोंबत राहिली.

परवा बोडकी नवरी उभी करायची, आणि त्यानंतर ना दुकान, ना या घरात तोंड दाखवायची सोय. ती नणंदेच्या कानाशी वाकली.

“वन्सं, खरं सांगा. कुठं केले होते?”

“मैत्रिणीकडं. गेल्याच महिन्यात.” नणंदेचा चेहरा पांढरा पडला होता. “आईला सांगू नका, वहिनी.”

आता खुर्चीत एक भ्यालेली आणि खुर्चीमागं दुसरी. केसवालीनं कोमट पाण्यानं औषध घालवलं, तेही न चोळता, आणि दर वेळी हात वर काढून तळवा बघितला. चार केस. पुन्हा सात-आठ. पुढं तिनं बघणं सोडलं. दुसरं औषध लावलं आणि वाट बघत उभी राहिली, बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं तशी.

केसांवर इस्त्री कधी फिरवणार म्हणून सासूनं विचारलं.

“फिरवणार नाही,” केसवाली म्हणाली. “इस्त्री लावली तर केस इस्त्रीबरोबर येतील.”

सासू उठली. मुलीच्या डोक्याकडं बघितलं, मग सुनेकडं. काय केलंस, असं तिनं दबक्या आवाजात विचारलं. नणंदेनं खुर्चीचे हात घट्ट धरले. केसवालीला वन्संकडं बोट दाखवता आलं असतं.

“पारख करायला हवी होती,” ती म्हणाली. “केली नाही.”

सासू परत स्टुलावर जाऊन बसली, नजर सुनेच्या हातावर ठेवून.

विरलेली टोकं कापता कापता केस खांद्यावर आले. वाळल्यावर तिनं अखेर कानामागचा एक उपटला आणि ओला करून ताणला. आखडला. पुरता नाही, निम्मा.

लग्नात सगळे नवरा-नवरीकडं बघत होते, केसवाली नवरीच्या खांद्यांकडं, एखादा केस पडलाय का म्हणून. नवरीनं दिवसभर मान हलवली नाही. पाहुणे म्हणाले, पोरगी भारी लाजाळू.