साहेबांच्या संडासाची कडी

"खरं सांग. वापरलास ना तू?"

वरच्या ऑफिसातल्या मॅडमनं हे विचारलं तेव्हा माझ्या एका हातात पाना होता, दुसऱ्या हातात झिजलेलं रबर अन् पायांत प्लास्टिकच्या पिशव्या. व्हय, पिशव्या. वरच्या मजल्याच्या फरशीला माझे पाय लागू नयेत म्हणून चपला जिन्याखाली काढायला लावल्या होत्या अन् घोट्यापर्यंत पिशव्या बांधल्या होत्या. चाललो की चुरचुर आवाज यायचा. पावशेर शेंगदाणे आपल्या पायांनी चालत आल्यासारखे वाटायचे.

मॅडमच्या नाकाला रुमाल होता. वास कशाचाच नव्हता. तरी रुमाल होता.

चितेगावच्या अलीकडं, पैठण रोडला ही कंपनी. मी गफूरभाई ठेकेदाराच्या हाताखाली प्लंबर. गफूरभाईनं सांगितलं होतं, वरच्या साहेब लोकांच्या संडासाचा फ्लश गळतोय, तो नीट कर, तुला कायमचा घ्यायचं बोलून ठेवलंय. कायमचा म्हणजे गळ्यात फोटोवाला पास. रोज सकाळी नाक्यावर उभं राहणं बंद. घरी तर मी आदल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं की कंपनीनं मला गाडी पाठवून बोलावलंय, माझ्याशिवाय तिथला डायरेक्टर हातसुद्धा धूत नाही. बायकोनं नुसतं बघितलं. पण शर्टाला इस्त्री केली.

हा फ्लश म्हणजे बिनटाकीचा. भिंतीतून चकचकीत नळी येते, तिच्यावर दांडा. दाबला की पाण्याचा लोंढा. आतलं रबर झिजलं की लोंढा थांबतो, पण धार थांबत नाही. अन् ही धार अशी होती की जायकवाडी गोदावरीनं भरत नाही, ह्या संडासानंच भरतं, अशी माझी खात्री पटली. ज्या शहरात नळाला पाणी आलं म्हटल्यावर माणूस सासऱ्याची मयत सोडून मोटार लावायला पळतो, त्या शहरात हे पाणी रात्रंदिवस सुखानं वाहत होतं. खाली कामगारांच्या संडासात मात्र कोरडा नळ अन् तारेनं बांधलेलं पत्र्याचं दार.

मी आत गेलो तसा मॅडमनं दाराशी गार्ड उभा केला. दार सताड उघडं ठेवायचं अन् नजर माझ्या हातांवर ठेवायची, असा हुकूम. पितळेचं सामान असतं, ही माणसं खिशात घालतात, असं त्या माझ्यासमोरच त्याला म्हणाल्या. मी घाबरून माझ्याच खिशाकडं बघितलं. न जाणो, एखादा नळ आधीच जाऊन बसलेला असायचा.

गार्डाचं नाव सुरेश. कन्नडकडचा, माझ्याच शिवारचा. गावाकडं भेटला की गळ्यात पडणारा. इथं त्यानं मला ओळख दिली नाही. मीही दिली नाही. दोघं एकमेकांकडं असे बघत होतो, जणू एकानं दुसऱ्याचा बैल सोडून नेलाय.

ह्या सुरेशच्या बापाच्या रानात आमची मेंढरं बसायची. माझ्या बापाचा कळप म्हणजे काय सांगू, पुढचं मेंढरू दौलताबादच्या किल्ल्याला शिंगं घासायचं तेव्हा मागचं कन्नडच्या घाटात चरत असायचं. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की सुरेशचा बाप आमच्या पालावर यायचा. हात जोडून म्हणायचा, पाव्हणं, आणखी एक मुक्काम करा, लेंडी झ्याक पडतेय. खताच्या बदल्यात ज्वारी द्यायचा, वर गूळ द्यायचा. आमच्या मेंढरांनी त्याच्या रानात घाण करावी म्हणून तो माणूस आमच्या पायाशी बसायचा.

असो. मी खालचा कॉक बंद केला, वरची टोपी खोलली, रबर काढलं. त्याच्या बारीक भोकात टँकरच्या पाण्याची रेती अडकलेली. भोक साफ केलं तरी कड फाटलेली होती, म्हणून रबरच नवं बसवलं. मग खरं काम सुरू झालं. दांडा दाबायचा, पाणी थांबू द्यायचं, नळीला कान लावायचा. आत बारीक सुस्कारा ऐकू आला तर पेच थोडा फिरवायचा, परत दाबायचं. नवरा-बायकोच्या भांडणातसुद्धा कुणी इतकं कान देऊन ऐकत नाही. लोंढा कमी झाला तर साहेबांची घाण राहते, जास्त झाला तर साहेबांची पॅन्ट भिजते. म्हणून परत, परत, परत.

शेजारीच मॅडमची केबिन. त्यांना भिंतीपलीकडून ऐकू आलं ते एवढंच: फ्लश. फ्लश. परत फ्लश.

अन् त्या रुमाल लावून आल्या.

मी हसलो आधी. मला वाटलं, गंमत करतात. मग त्यांचे डोळे बघितले. म्हणालो, नाय हो मॅडम, चेक करत होतो. त्या म्हणाल्या, चेक करायला एकदा पुरतं. मी दार दाखवलं, म्हणालो, सताड उघडं आहे, वरून पहारा आहे, असं बसायला मी काय बसस्टँडवरचं कुत्रं हाय का? त्या म्हणाल्या, तुमचं काही सांगता येत नाही.

तुमचं.

मग मी शपथा घ्यायला लागलो. आईची घेतली. लेकरांची घेतली. बिरोबाची घेतली. तोंडाला येईल त्या देवाला मी त्या संडासात साक्षीला बोलावलं. हात जोडले, त्यात पाना होता, म्हणून पान्यासकट जोडले. म्हणालो, मॅडम, मी बसलोसुद्धा नाय, सीटला हातसुद्धा लागू दिला नाय.

त्यांनी सुरेशकडं मान वळवली. "काय रे, तू होतास ना इथं?"

माझा जीव भांड्यात पडला. त्याची नजर घटकाभरही माझ्या हातांवरून हलली नव्हती. सुरेश भिंतीकडं बघून म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं, मॅडम."

झालं. मॅडमनं अ‍ॅसिडची बाटली मागवली. ती माझ्या पिशवीतल्या पायांपुढं ठेवली. म्हणाल्या, हे टाक, सगळं घास अन् परत असं करणार नाही म्हण. मग गफूरभाईला मी सांगते तुझ्या पासचं.

मी वाकलो. खोटं कशाला सांगू, वाकलो. पास दिसत होता समोर, त्यावरचा माझा फोटोसुद्धा दिसत होता. हात बाटलीपर्यंत गेला.

अन् तिथंच डोक्यात काहीतरी खटकन बसलं. मी मघापासून शपथा कशाच्या घेतोय? चोरी केली नाय, ह्याच्या? नाय. मी इथं बसलो नाय, ह्याच्या. म्हणजे बसलो असतो तर ते पाप झालं असतं, हे मीच कबूल करत होतो. मॅडम मला एकदा बाटवत होत्या, अन् मी प्रत्येक शपथेसरशी स्वतःला बाटवत होतो. बिरोबाला साक्षीला घेऊन. सुरेशच्या बापाला आमच्या मेंढराची लेंडी चालत होती. मग त्या मेंढरामागं चाललेल्या माणसाचीच बाधा कुठून आली?

मी सरळ उभा राहिलो. पायांतल्या पिशव्या फाडल्या. त्या गार फरशीवर माझे उघडे पाय पडले.

"मॅडम, वापरला नव्हता. आता वापरतो."

अन् दार लावलं. आतून कडी घातली.

बाहेर मॅडम काय काय बोलल्या, ते सांगत बसत नाही. सुरेश दार वाजवत होता. तेव्हा कुठं त्यानं मला नावानं हाक मारली. मी बसलो होतो. आता मला बढाया मारायची सवय आहे, पण हे खरं सांगतो, काहीच आलं नाही. भीतीनं पोटातलं सगळं आटून गेलं होतं. तरी बसलो. आरामात बसलो. समोरच्या भिंतीवर कसलंसं निळं चित्र होतं, ते बघितलं. मग उठलो अन् दांडा दाबला. लोंढा आला, गेला. कान लावला. आत चिटपाखरू नाही. थेंब नाही.

पास आला नाही, हे सांगायला नको. गफूरभाई गाडीवर मला आणताना वाटभर चिडला. "अरे मियाँ, एक सॉरी बोल देता तो क्या घट जाता तेरा?" मी म्हणालो, भाई, तेच तर मोजत होतो. फार घटलं असतं. त्यानं बरेच दिवस काम दिलं नाही. मी परत नाक्यावर उभा राहिलो. इस्त्रीचा शर्ट मी स्वतःच घडी करून ठेवला.

सुरेश अजून गावाकडं भेटतो. परवा यात्रेत हसत पुढं आला, चहा घे म्हणाला. मी त्याच्याकडं बघितलं अन् म्हणालो, माझं लक्ष नव्हतं.

आता कुणी फ्लश गळतोय म्हणून बोलावलं तर मी हत्यारं खाली ठेवायच्या आधी सांगतो. चपला घालून वर येईन. दार लावून काम करीन. मला लागली तर इथंच जाईन, अन् त्याचं कुणाला उत्तर देणार नाही. काही जण हो म्हणतात. बरेच जण तोंडाकडं बघतात, नाकाकडं हात नेतात.

मी हत्यारांची पिशवी उचलतो.

गळू द्या.