मावेल त्याहून जास्त

इस्पितळाच्या तळघरातल्या थंडगार खोलीत ताईने अख्खी नोकरी एका सर्व्हरची उस्तवार करण्यात घालवली. रुग्णांची नावं, तपासण्या, औषधं, सगळं त्याच्यावरच्या डेटाबेसमध्ये. वर डॉक्टर बदलले, साहेब बदलले, ताई अंगात स्वेटर घालून तिथेच. सासूबाई चारचौघांत म्हणत, लेकरासारखं सांभाळते हो. घरात म्हणत, लेकरांपेक्षा जास्त.

सर्व्हर बनवणाऱ्यांनीच एक दिवस कळवलं की त्यात भोक आहे. सासूबाईंनी विचारलं तेव्हा ताईने कणीक मळता मळता समजावलं. बाहेरून आलेला मजकूर ठेवायला मशीन मेमरीत ठरावीक जागा राखतं. मजकूर मावेल की नाही हे ते बघतच नाही. मग कुणी मुद्दाम लांबलचक काही पाठवलं, की ते शेजारच्या जागेत सांडतं, पिठाच्या डब्यातलं मिठाच्या डब्यात सांडावं तसं. मशीनने पुढे काय करायचं ते त्या शेजारच्या जागेत असतं. चोर तिथे आपला हुकूम सांडवतो आणि मशीन तो निमूट पाळतं. पासवर्डसुद्धा लागत नाही. नुसता कचरा सांडला तरी मशीन कोसळतं.

“म्हणजे तुझ्या मशीनला चवच कळत नाही,” सासूबाई म्हणाल्या.

उपाय आला होता. पण तो बसवायला सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवावा लागणार होता, आणि साहेबांना बंद हा शब्दच सोसत नसे. इस्पितळ कधी बंद असतं का, पुढच्या महिन्यात बघू, असं ते म्हणत. पुढचा महिना आला की त्याच्या पुढचा.

शेवटी ताईने ठरवलं, यांना डोळ्यांनीच दाखवायचं. चाचणीसाठी वेगळं मशीन होतं. खऱ्या सर्व्हरची सगळी सेटिंग त्यावर जशीच्या तशी उतरवायची आणि मग पत्ता तेवढा बदलायचा, नाहीतर पाठवलेलं सगळं खऱ्या सर्व्हरवरच जाणार, अशी त्यांच्याकडची रीत. हाताच्या सवयीचं काम. त्या सकाळी तिने देवापुढे हात जोडले, कामावर गेली, सेटिंग उतरवली, आणि पत्ता बदलायचा राहिला.

साहेब मागे उभे होते. आता हे कसं कोसळतं बघा, असं म्हणत तिने तो लांबलचक मजकूर पाठवला. कोसळलंही. मग फोन वाजायला लागले. वरच्या सगळ्या मजल्यांवरचं काम ठप्प झालं होतं.

पत्ता बदलायचा राहिल्याचं आता ताईच्या लक्षात आलं. तरी तिला एक सुचलंच. “साहेब, बंद पडलंच आहे, तर उपाय आत्ताच बसवून घेते.”

“तुम्ही आधी खुर्चीवरून उठा,” साहेब म्हणाले.

दुसऱ्या कर्मचाऱ्याने सर्व्हर होता तसाच सुरू केला. भोकासकट.

चौकशीत ताईने चूक सरळ कबूल केली. नोकरी राहावी एवढंच तिचं मागणं होतं. साहेबांनी भोकाचा विषयच काढला नाही. ही काय करणार आहे याची आपल्याला कल्पना नव्हती, म्हणाले. निकालात आलं, कर्मचाऱ्याने सर्व्हरवर हल्ला केला. देवाच्या दारात ती चूक चूकच राहिली असती. माणसांनी त्या चुकीचा गुन्हा केला आणि ताईला घरी बसवलं.

पुढे खरे चोर त्याच भोकातून आत शिरले. लोकांचे आजार बाहेर विकायला आले, आणि पोलीस आधी ताईच्या घरी आले. तिच्याशिवाय ही वाट कुणाला ठाऊक, असं साहेबांनी सांगितलं होतं. तिचा कॉम्प्युटर नेला. त्यात काहीच सापडलं नाही, पण तसं शेजाऱ्यांना सांगायला कुणी आलं नाही. सासूबाईंनी संध्याकाळचं खाली जाऊन बसणं सोडलं.

मग मात्र इस्पितळाने दिवसभर सर्व्हर बंद ठेवला आणि उपाय बसवला. कुणाचं काही अडलं नाही. हाताने चिठ्ठ्या लिहून काम चाललं होतं. नेमकी त्याच दिवशी ताई सासूबाईंचे गुडघे दाखवायला रांगेत होती. नोंदणीच्या खिडकीवर जी मुलगी होती, तिला ताईनेच काम शिकवलेलं. तिने मान खाली घालून नाव विचारलं, जणू ओळखच नाही. ताईने सांगितलं. लिहिता लिहिता त्या मुलीचा हात पुढे आला आणि समोरची बंद स्क्रीनसुद्धा तिने हळूच ताईपासून दूर वळवली.