कडब्याशेजारची गाडी

ये, जवळ सरक. बॅटरीवरची गाडी घेऊन एवढे दिवस झाले आन् मावशीला आज दाखवतीस व्हय गं? ऐक आता.

ठोकलेल्या गाड्या बघायला विम्याचा एक माणूस आपल्या सिरसाळ्यात नेहमी येतो. कडक इस्त्रीचा शर्ट, पाय एका जागी ठरत न्हाईत, चहासुद्धा उभ्यानंच. कायबी विचारा, "बघू, मावशी, बघू." मला वाटायचं, हा नुसता न्हाई म्हणायला कारणं हुडकतो.

आमच्या लेकाचीबी गाडी तुझ्यासारखीच बॅटरीवरची, ती दगडावर खालून आपटली. त्यानं ती ओढून आणली आन् सावली म्हणून गोठ्यात, कडब्याला लागून उभी केली. हा माणूस आला, पर फोटो न्हाई, कागद न्हाई. "आधी म्हैस सोडा! मार बसलेली बॅटरी दोन दिसांनीबी पेटती!" म्हणत स्वतःच पेंढ्या डोक्यावर घेऊन पळाला. म्हशीनं लाथ घातली, शर्ट फाटला. "हिचा विमा हाय का, मावशी?" म्हणून हसला, पर नजर गाडीवरच. ती ढकलून मोकळ्या रानात नेली, तवा कुठं फोटो काढले.

गाडी काय पेटली न्हाई. पर माझे पाय आता त्याच्यासारखेच झालेत, कुणी परत कडब्याला लागून गाडी लावली न्हाई ना, म्हणून सारखी गोठ्यात डोकावती.

लवकर ये परत. आलीस की गाडी अंगणात लाव, मी वसरीतनं नजर ठेवीन.