ओल्या बाभळीचं चाक

दुबलगुंडीचे हावगेप्पा सुतार बाभूळ तोडून आणली की वर्षभर सावलीत वाळवत, मगच तिच्यावर वाकस चालवत. त्यांची चाकं वीस-वीस वर्षं टिकत. घाई त्यांनी एकदाच केली.

१९३९ साली किशनराव पाटलांना शर्यतीची जुनी गाडी जड वाटू लागली आणि त्यांनी हावगेप्पांना हलकी चाकं करायला सांगितली. जत्रा दोन महिन्यांवर आल्या होत्या आणि वाळलेलं लाकूड संपलेलं. हावगेप्पांनी चार महिन्यांपूर्वी तोडलेली बाभूळ घेतली, आरे बारीक ठेवले. चाकं हलकी आणि देखणी झाली.

पहिल्या जत्रेत चाकावरची लोखंडी धाव, म्हणजे बाहेरचं कडं, सैल होऊन निसटली. दुसऱ्या जत्रेत एक आरा निघाला. दोन्ही वेळा गाडी हाकणाऱ्या गुंडाप्पा धनगरानं बैल आवरले, म्हणून कुणाला लागलं नाही.

"अण्णा, चाक लई कुरकुरायलंय," तो म्हणाला.

"उन्हानं आटलंय. भिजवू."

हावगेप्पांनी पाचरी ठोकल्या, चाकं ओढ्यात बुडवून ठेवली. लाकूड फुगून सांधे घट्ट झाले. तिसऱ्या जत्रेपर्यंत ते पुन्हा वाळलं. वळणावर चाक मोडलं आणि गुंडाप्पा गाडीखाली सापडून गेला.

पोलीस अमीनानं सरकारी उर्दूत पंचनामा लिहून वाचून दाखवला: चाक ठीक, हाकणारा शिंदी प्यालेला. पाटलांनी तसंच सांगितलं होतं. पंच म्हणून हावगेप्पांनी अंगठा उठवला.

तेरावा झाल्यावर गुंडाप्पाची बायको कोंडाबाई सुताराच्या दारात आली.

"अण्णा, शर्यत असली की घरधनी चार दिस उपास धरायचे. शिंदी कुठली? आता शिंदीवाल्याच्या पोरी म्हणून बाया माझ्या लेकरांना आडावर टोमणे मारायल्यात. पोरी अंधारातच पाणी आणायल्यात. तुम्ही चाक केलंत. ते कामून मोडलं?"

"सुताराला काय ठाव?" हावगेप्पांची बायको सिद्धव्वा घाईनं म्हणाली. "बैल बुजले असतील."

हावगेप्पांनी वाकस खाली ठेवला. "बैल न्हाई बुजले. लाकूड वलं होतं. मला ठाव होतं."

कोंडाबाई रडली नाही. "मग हे मला एकटीला कामून सांगायलाव? चावडीवर चला."

जत्रेतून परत आणलेलं मोडकं चाक खांद्यावर घेऊन ते तिच्या मागून गेले. चावडीवर पाटील चौघांत बसले होते. हावगेप्पांनी चाकाचा आरा नुसत्या हातानं उपसून दाखवला.

"बघा. लाकूड वलं होतं, आरा काढाया हातोडाबी लागंना. गुंडाप्पा प्याला नव्हता. कागदावरचा माझा अंगठा खोटा हाय."

"डोस्कं फिरलं का रे?" पाटील म्हणाले. "आता तुला चाक करायला कोण सांगल?"

"नका सांगू."

"आन मेलेल्याला आता काय करायचंय?" कुणीतरी हसलं.

"मला करायचंय," कोंडाबाई म्हणाली.

पंचनामा बदलला नाही. हावगेप्पा अमीनाकडे गेले, पण त्यानं शिव्या देऊन परत पाठवलं. चाकांचं काम गेलं ते गेलंच. पुढे ते कुळव आणि खाटा करत राहिले. कोंडाबाई त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. तिच्या पोरी मात्र दिवसाढवळ्या, सगळ्या बायांबरोबर आडावर जाऊ लागल्या.