पळसाच्या द्रोणातली पिन

सरळच सांगते, मी भाविक नाही. नव्हते असं लिहायला हात धजत नाही, कारण आजही मला एक आरती धड पाठ नाही आणि देवळात गेले की माझी नजर आधी तिथल्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर जाते. त्यामुळे असा अनुभव लिहायचा मला अधिकार आहे का, हे ठाऊक नाही. आत्या म्हणाली, "अधिकार कसला बघतेस? घडलं तसं लिही. आणि भाषण करू नकोस हो." प्रयत्न करते.

मी देवासची. बाबा कारखान्यातल्या नोकरीसाठी इकडे मध्य प्रदेशात आले, मी हिंदी शाळेत शिकले, मराठी घरात कानावर पडली तेवढीच. कॉलेजात असताना आम्ही पाच-सहा जणांनी नदीसाठी पत्रकं काढायला सुरुवात केली. त्यातला एकेक जण नोकरीला लागला, एकीचं लग्न झालं, आणि त्या हिवाळ्यात मी निमाडात धरमपुरीला आत्याकडे राहायला आले तेव्हा पत्रकांचे गठ्ठे, मी आणि देवासला राहिलेला एक मुलगा, एवढंच उरलं होतं. आत्या म्हणजे बाबांची चुलत बहीण, शाळेतून निवृत्त झालेली, एकटी. तिच्या घरापासून नर्मदेचा घाट हाकेच्या अंतरावर आहे.

माघात नर्मदा जयंतीला संध्याकाळी इथे हजारो दिवे सोडतात. हल्ली ते चंदेरी थर्माकोलच्या द्रोणांत सोडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच द्रोण काठावर ढिगांनी येऊन पडतात, आणि आदल्या दिवशी हात जोडणारे लोक नाकाला रुमाल लावून पलीकडून जातात. माझ्या पत्रकाचा मथळा होता, "आईच्या पोटात थर्माकोल भरणारा भक्त कसला?" मला तो फार आवडला होता. लोकांनी त्या पत्रकात शेंगदाणे बांधून नेले. घाटावर पूजेचं सामान विकणारे दुकानदार, ज्यांना सगळेच भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात, एकदा गल्ल्यावरून म्हणाले, "बेन, पर्चे में बाती लगा के छोड़ूँ क्या? तैरेगा?" आजूबाजूचे हसले. मी त्यांना जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

त्याच भियांना शेवटी मी एक गोष्ट कबूल करायला लावली. या वर्षी दुकानात पळसाच्या पानांचे द्रोण ठेवायचे. "तीन हज़ार लाओ, टाइम पे लाओ. नहीं तो मेरा पुराना माल तो पड़ा ही है," असं ते म्हणाले. पानांचे द्रोण लावणारी गावात एकच म्हातारी उरली होती, गेंदाबाई. आत्याच्या मागच्या गल्लीत राहायची. तिचा माल गेली काही वर्षं कोणी घेतच नव्हतं. ती सुनेला आणि शेजारच्या दोघींना घेऊन बसायला तयार झाली, पण तिने आधीच सांगून टाकलं, "बस, ये आख़री बार. इस बार भी पड़ा रह गया तो पत्ते चूल्हे में." म्हणजे ही खेप घाटावर पोचली नाही तर द्रोण लावणं या गावातून संपलं. हे मला चांगलं माहीत होतं. माहीत असूनही मी केलं ते आता सांगते.

द्रोण लावायला कडुनिंबाच्या काड्या लागतात. काडी बारीक चिरायची, भिजवायची, मग पानात टोचून आत वळवायची. नदीकाठच्या थंडीत ऊन चढेपर्यंत बोटं वळत नाहीत. पानं कडक होऊन तडकतात, म्हणून ओल्या गोणपाटाखाली ठेवावी लागतात. मी दिवस मोजले आणि घाबरले. धारला जाऊन चार स्टेपलर आणले. एका दाबात एक पिन, दोन पिनांत द्रोण. मला वाटलं, मी फार मोठा शोध लावला.

गेंदाबाईने एक द्रोण हातात घेतला, पिनेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बेटा, माय के पेट में लोहा नी डालते." झालं. मी तिला उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. अंधश्रद्धा काय, प्रदूषण काय, थर्माकोल किती टिकतं, पिन कशी गंजून जाते. घसा फोडून बोलले. तिने काड्यांची जुडी पदरात बांधली आणि आत निघून गेली. सून आणि शेजारणी बसून राहिल्या, पटापट पिना मारू लागल्या. मी जिंकले होते. वाद जिंकायची मला सवय आहे. माझ्याच पत्रकात आईचं पोट होतं आणि म्हातारीनेही तोच शब्द वापरला, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मग तीन दिवस पहाटेच्या धुक्यात मी घाटावर भोंगा घेऊन ओरडले. चौथ्या दिवशी उठले तर आवाज गेलेला. खोकला, घशात काटे आणि तोंडातून नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस मौन, कुजबुजायचंसुद्धा नाही. तसं पाहिलं तर किरकोळ दुखणं. आत्याने ज्येष्ठमधाचा काढा पुढे ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या बापाला कळवते, पोर पहिल्यांदा गप्प बसली म्हणून." मी हसले, पण आतून खचले होते. बोलणं काढून घेतल्यावर माझ्यात काहीच उरत नाही, हे मला पहिल्याच दुपारी कळलं. कोणी विचारायला आलं नाही. गटातल्या शेवटच्या मुलाचा फोनवर निरोप आला, त्याला पीथमपूरला काम मिळालं होतं. "तू लगी रह," असं त्याने लिहिलं होतं. मी फोन उलटा ठेवला. वर्षानुवर्षं ज्या नदीसाठी भांडले तिला माझी काडीचीही गरज नाही, असं वाटू लागलं. ते वाटणं अंगावर ओल्या गोणपाटासारखं बसलं आणि उठेना.

घरात गारठा असायचा, म्हणून मी उन्हाला घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. शेजारी आमच्या तयार द्रोणांची पोती. एका सकाळी पाण्याकडे बघत मी मनातल्या मनात म्हणाले, तुला मी नको असेन तर तसं सांग तरी. याला प्रार्थना म्हणतात का, मला माहीत नाही. रागच होता तो.

जयंतीला तीन दिवस राहिले होते. भियांनी आमचे थोडे द्रोण आधीच विकायला काढले होते. त्यातले वापरून झालेले काही पायऱ्यांवर ओलेकच्च पडले होते. परिक्रमेला निघालेली एक बाई खाली उतरत होती. साठीची असेल. पांढरं लुगडं, हातात काठी, कमरेला पाण्याची बाटली आणि पाय अनवाणी. चार पायऱ्या उतरून ती एकदम थांबली आणि बसली. टाच वर करून तिने बोटांनी काहीतरी उपसलं. पिन होती. माझी. रक्त फार नव्हतं, पण भेगाळलेली टाच होती, पिन खोल गेली असणार.

तिने पिन उन्हात धरून पाहिली, पडलेला द्रोण पाहिला, पोती पाहिली. मग माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "कोणी लावली गं ही?"

मला आवाज असता तर मी काय काय बोलले असते, ते मला नेमकं माहीत आहे. आधी थर्माकोल काढलं असतं, मग भियांवर घसरले असते, नगरपालिकेवर, झाडूवाल्यांवर, अनवाणी चालण्याच्या खुळावरही. पण तोंड उघडलं तर नुसती हवा. मी माझ्या छातीवर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढे एकही वाक्य न जोडता चूक कबूल केली, आणि तीही माझ्या मर्जीने नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "लावणारी सापडली. आता काढणारी कोण?"

मी तिला माझ्याच डॉक्टरांकडे नेलं; त्यांनी इंजेक्शन दिलं आणि दोन दिवस चालू नका म्हणून सांगितलं. नर्मदेच्या मुखाशी समुद्र ओलांडून उत्तर तटाने ती इथवर आली होती आणि पिनेएवढ्या पिनेने तिला बसवलं. माझी मान वर होईना. ती मात्र घाटावर परत येऊन, पाय पोत्यावर ठेवून माझ्याजवळ बसली आणि नखाने पिना उचकटू लागली. ती कोकणातली, समुद्राकाठच्या गावची. लहानपणापासून पत्रावळी लावलेली. "आमच्याकडे माडाचे हीर टोचतात," ती म्हणाली. "झावळीची शीर काढायची नि चिरायची. आमची थंडी अशी हाडात नाही शिरत, पण पानं तिथेही तडकतातच. तुमच्याकडे काय टोचतात?"

मला माहीत होतं काय टोचतात. ते कोणाच्या पदरात बांधलेलं आहे, हेही माहीत होतं.

मी गेंदाबाईच्या दारात गेले आणि तळहातावर ती पिन धरून उभी राहिले. बोलता येत नव्हतं. तिने पिन पाहिली, माझं तोंड पाहिलं आणि आत गेली. मी बराच वेळ थांबले. मग रिकाम्या हाताने परत आले, बाईंच्या शेजारी बसून पिना काढू लागले. प्रत्येक पिनेबरोबर पान फाटत होतं. दहातले तीन-चार द्रोण तर वायाच जात होते. मला रडू यायला लागलं, आणि आवाजाशिवाय रडणं फार वाईट असतं, नुसता खोकला येतो.

दुपारी माझ्या मांडीत भिजलेल्या काड्यांची जुडी पडली. वर पाहिलं तर गेंदाबाई. ती खाली बसली, माझ्या हातातलं पान काढून घेतलं आणि म्हणाली, "उल्टा पकड़ा है. नस बाहर रहती है." एवढंच. थोड्या वेळाने सूनही आली, शेजारणी आल्या. दोन दिवस आम्ही सहाजणी पायऱ्यांवर बसलो. कोकणातली आणि निमाडातली, दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या काड्या बघून नाकं मुरडत होत्या. "इतकी जाड?" ही म्हणायची. "पतली टूटेगी, फिर मैया को क्या मुँह दिखाएगी?" ती म्हणायची. माझ्या बोटांना भोकं पडली. मी ऐकत होते. करण्यासारखं तेवढंच होतं.

तरी हजारही द्रोण झाले नाहीत. जयंतीच्या दुपारी भियांनी आमची पोती पाहिली आणि शांतपणे मागच्या खोलीतून चंदेरी खोकी काढली. "बेन, मैंने तो पहले ही बोला था," ते म्हणाले. या वेळी टोमणा नव्हता त्यात. संध्याकाळी नदी काठापासून काठापर्यंत चंदेरी झाली. आमचे दिवे त्यात कुठे होते, शोधूनही दिसले नाहीत. मी ठरवलं, सकाळी सामान बांधायचं, देवासला जायचं, गठ्ठे रद्दीत घालायचे.

सकाळी आधी त्या बाईंना निरोप द्यायला गेले. टाचेला पट्टी, हातात काठी. त्या "नर्मदे हर" म्हणाल्या आणि काठाकाठाने चालू लागल्या. मला उत्तर देता आलं नाही, हात जोडले. नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच. वळून पाहिलं तर काठावर दरवर्षीसारखाच चंदेरी ढीग, आणि त्याच्याशेजारी गेंदाबाई उभी. आता ही चूल म्हणणार, असं मला वाटलं. तिने बोटाने दाखवलं. गाळाच्या कडेला आमचा एक द्रोण अडकला होता. एक शेळी आली, तिने तो हुंगला, काडीसकट चावून खाल्ला आणि पुढे गेली. बाकीचे कुठेच नव्हते.

"देख," गेंदाबाई म्हणाली. "कुछ हुआ उसको?"

मी मान हलवली. माझ्या सगळ्या पत्रकांनी मला कधी दिलं नव्हतं ते या एका शेळीने दिलं. आम्ही केलं ते नाहीसं झालं होतं, आणि ते तसंच व्हायला हवं होतं. मी मात्र वर्षानुवर्षं माझ्या कामाची खूण मागत बसले होते.

याला मी चमत्कार म्हणत नाही. घसा सगळ्यांचाच बसतो, पिन कोणाच्याही पायात जाते. पण आवाज त्याच आठवड्यात का गेला आणि ती पिन द्रोण लावता येणाऱ्या बाईच्याच पायात का गेली, याचं उत्तर मी शोधत नाही. माझ्या रागाला कोणीतरी उत्तर दिलं होतं, त्याची उलटतपासणी करायची मला लाज वाटते.

देवासला गेले नाही. दोन दिवसांनी आवाज आला, तेव्हा गेंदाबाईकडे जाऊन पहिलं वाक्य बोलले, "ग़लती मेरी थी, माँजी." ती म्हणाली, "गला बैठा था तब ज़्यादा अच्छी लगती थी." मग आतून रिकामं पोतं आणून माझ्या अंगावर टाकलं. फागुनात पळसाची पानं गळून जातात, त्याआधी पुढच्या वर्षासाठी पानं उतरवून ठेवायला हवी होती. "चल," ती म्हणाली.

ती पिन आत्याने देवघरात करंड्याशेजारी ठेवली आहे. मी हरकत घेतली नाही. घाटावरून जाताना कोणी "नर्मदे हर" म्हटलं तर आता मी उत्तर देते. आवाज अजून थोडा घोगरा आहे.